बाळंतिणीची सही

आपल्या समाजात स्त्रियांच्या हक्कांची चर्चा निघाली की ती ठरावीक थांब्यांवरच थांबते. तलाक, पोटगी, बहुपत्नीत्व, हिजाब. हे प्रश्न महत्त्वाचे आहेतच. त्यांच्यासाठी आपल्या आधीच्या पिढीतल्या बायकांनी मोर्चे काढले, कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या, घरच्यांचे आणि मोहल्ल्याचे टोमणे सोसले. पण एक प्रश्न आपण अजूनही दबक्या आवाजात बोलतो. मूल होऊ द्यायचं की नाही, कधी, किती, कुठे आणि कुणाच्या मदतीनं, हे कोण ठरवणार?

उत्तर सोपं वाटतं. जिचं शरीर, तिनं ठरवावं. आपला कायदाही बऱ्याच अंशी तेच म्हणतो. तरीही बाळंतपणाच्या खोलीत निर्णय घेणारी माणसं दुसरीच असतात. नवरा, सासू, डॉक्टर आणि कधी कधी सरकारी उद्दिष्टांचा तक्ता.

माझं म्हणणं दोन वाक्यांत सांगते. बाळंतपणात बाईचा शब्द चालावा असं वाटत असेल, तर कागदावर सही तिचीच हवी. आणि तिचा शब्द ऐकून घेणारी, कायद्यानं अधिकार दिलेली प्रशिक्षित प्रसाविका, म्हणजेच मिडवाइफ, तिच्या शेजारी हवी. यातलं एक नसेल तर दुसरं लंगडं पडतं.

झाडाखालचं बाळंतपण

२००९ च्या मे महिन्यात दिल्लीत जंगपुरा भागात एका बेघर मुस्लिम तरुणीनं झाडाखाली, उघड्यावर मुलीला जन्म दिला. ती अत्यंत गरीब होती, तिला फिट्सचा आजार होता. गरीब गरोदर स्त्रियांसाठीच्या सरकारी योजनांवर तिचा पूर्ण हक्क होता. तरी गरोदरपणात आणि बाळंतपणात मिळायला हवी ती सेवा तिला मिळाली नाही. तिची आई दिल्ली उच्च न्यायालयात गेली. बाळंतपणानंतर दगावलेल्या दुसऱ्या एका गरीब स्थलांतरित स्त्रीचं प्रकरण आणि हे प्रकरण न्यायालयानं एकत्र ऐकलं. ४ जून २०१० ला न्यायमूर्ती एस. मुरलीधर यांनी निकाल दिला. आरोग्याचा हक्क आणि आईचे प्रजनन हक्क हे घटनेच्या अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्कापासून वेगळे काढता येत नाहीत, असं त्यांनी स्पष्ट केलं. एका राज्यातली बाई दुसऱ्या राज्यात गेली म्हणून तिचा हक्क संपत नाही, हेही सांगितलं. झाडाखाली बाळंत झालेल्या त्या तरुणीला ५० हजार रुपये भरपाई देण्याचा आदेश झाला.

शाहबानो आणि शायराबानो ही नावं आपल्याला पाठ आहेत. हा निकाल मात्र आपल्या बैठकांत, शिबिरांत कुणी सांगत नाही. एका फाटक्या मुस्लिम आईनं लेकीसाठी लढून देशातल्या सगळ्या बाळंतिणींसाठी मिळवलेला हा निकाल आहे. तो आपल्या इतिहासाचा भाग आहे आणि आपण तो अभिमानानं सांगायला हवा.

दवाखान्यात पोचल्यावर

आता चित्र बरंच बदललं आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीनुसार देशातली ८८.६ टक्के बाळंतपणं दवाखान्यात होतात. महाराष्ट्रात हे प्रमाण ९४ टक्क्यांच्या पुढे आहे. १९९७-९८ मध्ये देशात दर एक लाख जन्मांमागे ३९८ माता दगावत होत्या. २०१८-२० मध्ये हा आकडा ९७ वर आला, महाराष्ट्रात तर ३३ वर. यामागे आशाताईंची पायपीट आहे, २००५ पासूनची जननी सुरक्षा योजना आहे, रुग्णवाहिका आहेत, रक्तपेढ्या आहेत, डॉक्टर आहेत. जुन्या काळात सगळं कसं नैसर्गिक आणि छान होतं, असं म्हणणाऱ्यांनी हे आकडे एकदा शांतपणे वाचावेत. त्या काळात अडलेल्या बाळंतिणी मरत होत्या.

पण याच सर्वेक्षणात आणखी एक आकडा आहे. सरकारी दवाखान्यांत सिझेरियनचं प्रमाण १४.३ टक्के आहे आणि खासगीत ४७.४ टक्के. काही स्त्रिया स्वतःहून सिझेरियन मागतात हे खरं. काहींचा जीव त्यामुळेच वाचतो हेही खरं. तरीही तिपटीहून जास्त फरकाचं स्पष्टीकरण यातून मिळत नाही. बाईच्या शरीराची रचना सरकारी दवाखान्यात एक आणि खासगीत दुसरी अशी असत नाही. बदलतं ते बिल, डॉक्टरांचं वेळापत्रक आणि कोर्टकचेरीची धास्ती. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ मध्येच सांगितलं होतं की, लोकसंख्येच्या पातळीवर सिझेरियनचं प्रमाण दहा टक्क्यांच्या वर गेल्यानं मातामृत्यू आणि बालमृत्यू कमी होतात असं दिसत नाही.

सरकारी दवाखान्यांत वेगळी अडचण असते. तिथे खाटा कमी, नर्स कमी, गर्दी जास्त. कळा देणाऱ्या बाईवर ओरडणं, तिला एकटी ठेवणं, काय चाललंय ते न सांगणं हे अनेकींनी सोसलेलं आहे. त्यात नाव मुस्लिम असेल, बुरखा असेल, तिसरं-चौथं मूल असेल, तर ‘तुमच्यात असंच असतं’ हे वाक्य फुकटात मिळतं. म्हणजे एकीकडे पैसे मोजूनही निर्णय तिचा नाही आणि दुसरीकडे पैसे नाहीत म्हणून निर्णय तिचा नाही.

माझ्या अम्मीला हे सगळं सांगितलं की ती म्हणते, “सही कुणाची का असेना, बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत ना? मग झालं!” तिच्या पिढीनं बाळंतपणात गेलेल्या बहिणी, नणंदा पाहिल्या आहेत, त्यामुळे तिचं बोलणं मी हसण्यावारी नेत नाही. जीव वाचणं ही पहिली गोष्ट. पण जीव वाचवण्यासाठी तिला न विचारण्याची गरज नसते. शुद्धीवर असलेल्या, समजणाऱ्या बाईला दोन वाक्यांत परिस्थिती सांगायला डॉक्टरांना दोन मिनिटं लागतात. तेवढा वेळही नसेल तर जीव वाचवण्यासाठी संमतीशिवाय उपचार करण्याची मुभा कायद्यानं डॉक्टरांना दिलेलीच आहे. जिथे वेळ आहे, तिथेही तिला विचारलं जात नाही, अशी माझी तक्रार आहे.

फॉर्ममधला एक रकाना

मी सॉफ्टवेअर इंजिनीअर आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या टीमकडे एका खासगी रुग्णालयाची संमतीपत्रं संगणकावर आणण्याचं काम आलं. प्रसूती विभागाच्या फॉर्ममध्ये दोन सह्या होत्या, एक रुग्णाची आणि एक ‘पती किंवा पालक’ यांची. आम्हाला मिळालेल्या लेखी सूचनांनुसार दुसरी सही सक्तीची होती. ती नसेल तर फॉर्म पुढे सरकणार नाही, शस्त्रक्रियेची वेळ मिळणार नाही. रुग्णाची सही मात्र ‘शक्य असल्यास’ घ्यायची होती. म्हणजे सिझेरियन जिच्यावर होणार तिची सही ऐच्छिक आणि बाहेर बाकावर बसलेल्या माणसाची सक्तीची.

मी बैठकीत विचारलं, असा कायदा आहे का? उत्तर मिळालं, “मॅडम, कायद्याचं माहीत नाही, पण पद्धत आहे. उद्या काही झालं तर नातेवाईक तोडफोड करतात. नवऱ्याची सही असली की तो काही बोलू शकत नाही.” ही भीती खोटी नाही. डॉक्टरांवरचे हल्ले आपण बातम्यांत वाचतो. पण हे उत्तर नीट ऐकलं तर लक्षात येतं की, ती सही संमतीसाठी घेतलीच जात नाही. ती घेतली जाते नवऱ्याचं तोंड बंद ठेवण्यासाठी. बाईच्या शरीरावरचा निर्णय दोन पक्षांतल्या तहाचा विषय होतो आणि त्या तहात ती स्वतः कुठेच नसते. बऱ्याच चर्चेनंतर दोन्ही सह्या सक्तीच्या झाल्या. तेवढंच पदरात पडलं.

आमच्या धंद्यात एक साधं तत्त्व आहे. ज्याचा डेटा, त्याची परवानगी. फोनमधले फोटो एखाद्या ॲपनं उघडायचे असतील तर फोनच्या मालकाला विचारावं लागतं, त्याच्या वडिलांना विचारून चालत नाही. गर्भाशयाच्या बाबतीत मात्र आपण हे तत्त्व विसरतो.

कायदा काय म्हणतो

प्रत्येक तरुण मुलीनं आणि प्रत्येक होणाऱ्या नवऱ्यानं हा भाग नीट वाचावा. गर्भपाताबाबत १९७१ चा कायदा स्पष्ट आहे. सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती लागते. नवऱ्याची, वडिलांची, सासूची लागत नाही. पत्नीनं संमतीशिवाय गर्भपात केला म्हणून तिच्याकडून आणि डॉक्टरांकडून भरपाई मागणाऱ्या एका नवऱ्याचा दावा पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयानं २०११ मध्ये उडवून लावला. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही त्याचं अपील फेटाळलं. २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं आणखी पुढे जाऊन सांगितलं की, कुटुंबाची संमती, वेगवेगळे दाखले अशा कायद्यात नसलेल्या अटी डॉक्टरांनी घालू नयेत. याच निकालानं अविवाहित स्त्रियांनाही २० ते २४ आठवड्यांच्या मुदतीत विवाहितांच्या बरोबरीनं आणलं.

नसबंदीबाबतही केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचना जोडीदाराची संमती आवश्यक मानत नाहीत. इतर शस्त्रक्रियांसाठी २००८ चा सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल महत्त्वाचा आहे. एक स्त्री केवळ तपासणीसाठी भूल घेऊन टेबलावर होती. त्याच वेळी बाहेर बसलेल्या तिच्या आईची संमती घेऊन तिचं गर्भाशय काढलं गेलं. रुग्ण सज्ञान आणि सक्षम असेल, तातडीनं जीव वाचवण्याचा प्रश्न नसेल, तर तिच्या वतीनं दुसऱ्या कुणी दिलेली संमती ही संमतीच नव्हे, असं न्यायालयानं ठरवलं. आईच्या संमतीची ही गत असेल, तर नवऱ्याच्या सहीची किंमत वेगळी सांगायला नको.

कायदा परिपूर्ण आहे असा याचा अर्थ नाही. २०२१ च्या दुरुस्तीनंतरही आपल्याकडे गर्भपात हा स्त्रीचा हक्क म्हणून लिहिलेला नाही. डॉक्टरांचं मत अनुकूल पडलं तरच मिळणारी ती सवलत आहे. २००९ मध्ये सुचिता श्रीवास्तव खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं मूल होऊ देणं आणि न होऊ देणं, या दोन्ही निवडी व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग मानल्या. २०१७ मध्ये पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणाचा हक्क मूलभूत ठरला. संसदेनं केलेला कायदा या दोन्ही निकालांच्या मागे रेंगाळतो आहे. मागणी करायला जागा आहे ती इथे.

सुईण गेली, तिच्या जागी कोण आलं?

कायदा बाईच्या बाजूनं असूनही कळा सुरू झाल्यावर तो तिच्या कामी येत नाही. त्या अवस्थेत कुणी कलमं वाचून दाखवत नाही. तेव्हा शेजारी कोण उभं आहे, यावर सगळं ठरतं.

पूर्वी तिथे सुईण असायची. तिच्याकडे अनुभव होता, हातगुण होता, पोटावर हात ठेवून बाळ आडवं आहे की उभं हे सांगायचं कसब होतं. तिच्याकडे रक्त नव्हतं, औषधं नव्हती, शस्त्रक्रियेची सोय नव्हती. समाजानं तिला मानही दिला नाही. नाळ कापणं, वार पुरणं ही ‘विटाळाची’ कामं म्हणून देशाच्या अनेक भागांत दलित बायकांवर ढकलली गेली. दवाखान्यातलं बाळंतपण हे धोरण झाल्यावर सुईण हळूहळू बाहेर पडली. तिला परत आणा असं मी म्हणत नाही. पण ती करत असलेलं एक काम कुणाकडेच गेलं नाही. पहिल्या महिन्यापासून ओळखीचं असणं, रात्रभर शेजारी बसणं, बाईचं ऐकणं. डॉक्टरांकडे त्यासाठी वेळ नाही आणि नर्सकडे एका वेळी दहा खाटा आहेत.

आधुनिक मिडवाइफ ही जागा भरते. ती प्रशिक्षित आणि नोंदणीकृत असते. निरोगी गरोदरपण आणि साधं बाळंतपण ती स्वतःच्या अधिकारात सांभाळते आणि धोका दिसताच डॉक्टरांना बोलावते. ब्रिटननं १९०२ मध्येच मिडवाइफचा स्वतंत्र कायदा केला. आजही तिथे निरोगी गरोदर बाईची मुख्य गाठ मिडवाइफशीच पडते. कॉक्रेन या संशोधन संस्थेनं २०१६ मध्ये १५ चाचण्यांचा, १७,६७४ स्त्रियांचा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध केला. सुरुवातीपासून मिडवाइफच्या देखरेखीखाली असलेल्या स्त्रियांत चिमटे, व्हॅक्यूम यांचा वापर कमी आणि समाधान जास्त दिसलं. आई-बाळाला त्यामुळे जास्त धोका आढळला नाही. या चाचण्या श्रीमंत देशांतल्या होत्या, हे लक्षात ठेवावं. पण डॉक्टर कमी आणि बाळंतपणं जास्त असलेल्या देशाला अशा मनुष्यबळाची गरज उलट अधिकच आहे.

भारत सरकारनंही हे मान्य केलं आहे. २०१८ मध्ये केंद्रानं मिडवाइफरी सेवांची मार्गदर्शक तत्त्वं काढली. नोंदणीकृत परिचारिका-प्रसाविकेला १८ महिन्यांचं विशेष प्रशिक्षण द्यायचं आणि मोठ्या सरकारी रुग्णालयांत मिडवाइफनं चालवलेले प्रसूती कक्ष उभारायचे, अशी ती योजना. त्याआधी तेलंगणा सरकारनं हैदराबादच्या फर्नांडिस रुग्णालयाच्या मदतीनं असं प्रशिक्षण सुरू केलं होतं. २०२३ मध्ये १९४७ च्या परिचर्या परिषद कायद्याच्या जागी राष्ट्रीय परिचर्या आणि मिडवाइफरी आयोगाचा कायदा आला. निदान नावात तरी मिडवाइफरी हा शब्द आला. प्रत्यक्षात हे काम अजूनही नर्सिंगच्या सावलीत आहे. स्वतःच्या अधिकारात निर्णय घेणारी मिडवाइफ गावात कुणी पाहिलेली नाही.

मिडवाइफचा हक्क, बाईचा हक्क

मिडवाइफला कायद्यात भक्कम जागा का हवी, हे समजण्यासाठी हंगेरीतली गोष्ट उपयोगी आहे. आग्नेश गेरेब या मूळच्या स्त्रीरोगतज्ज्ञ. पुढे त्या मिडवाइफ झाल्या आणि घरी बाळंत होऊ इच्छिणाऱ्या स्त्रियांना मदत करू लागल्या. तिथे घरी बाळंत होणं गुन्हा नव्हता, पण मदत करणाऱ्यांसाठी धड नियमच नव्हते. ऑक्टोबर २०१० मध्ये त्यांना अटक झाली. पुढे दोन वर्षांच्या कैदेची शिक्षा झाली. अखेर २०१८ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी त्यांना माफी दिली.

त्यांच्या अटकेनंतर दोनच महिन्यांनी, १४ डिसेंबर २०१० रोजी, युरोपीय मानवी हक्क न्यायालयानं टर्नोव्हस्की विरुद्ध हंगेरी या खटल्यात निकाल दिला. तो एका गरोदर स्त्रीनं दाखल केला होता. बाळंतपणाची परिस्थिती निवडणं हा खासगी आयुष्याच्या हक्काचा भाग आहे, असं न्यायालयानं मानलं. मदत करणाऱ्याच्या डोक्यावर कारवाईची टांगती तलवार असेल, तर बाईला प्रत्यक्षात निवडच उरत नाही, असा निकालाचा गाभा होता. २०११ मध्ये हंगेरीनं घरच्या बाळंतपणासाठी नियम केले. २०१६ मध्ये याच न्यायालयानं चेक प्रजासत्ताकाच्या प्रकरणात देशांना यात निर्णयाची बरीच मोकळीक आहे असं सांगून उलट कौल दिला. म्हणजे तिथेही वाद मिटलेला नाही.

आपल्याकडे सगळ्यांनी घरी बाळंत व्हावं, असं माझं म्हणणं मुळीच नाही. जिथे रुग्णवाहिका वेळेवर येत नाही तिथे तो सल्ला जीवघेणा ठरेल. हंगेरीतून घेण्यासारखी गोष्ट वेगळी आहे. बाईचा हक्क हवेत राहत नाही. तो ज्या माणसाच्या हातून प्रत्यक्षात येतो, त्या माणसाला कायद्याचं संरक्षण लागतं. प्रसूती कक्षात “थांबा, तिला आधी विचारू या” असं डॉक्टरांना सांगणारी नर्स आज नोकरी धोक्यात घालून ते सांगते. ते सांगणं तिचं अधिकृत काम व्हायला हवं.

दोन्ही बाजूंची जबरदस्ती

आपल्या समाजासाठी या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. एकीकडे ‘त्यांची लोकसंख्या वाढते’ हा राजकीय प्रचार. दुसरीकडे ‘पाळणा लांबवणं मजहबच्या विरोधात’ असं सांगणारे आपल्यातलेच काही. दोघांनाही बाईच्या गर्भाशयात फार रस आहे आणि तिच्या मताशी काही देणंघेणं नाही.

पहिल्यांना आकडा सांगावा. १९९२-९३ मध्ये मुस्लिम स्त्रियांचा एकूण जननदर ४.४१ होता, २०१९-२१ मध्ये २.३६. मुली शिकल्या, बाळं जगू लागली, साधनं मिळाली आणि बायकांनी आपापल्या घरात निर्णय घेतले. यात कुणाची जबरदस्ती नव्हती. जबरदस्तीचा अनुभव देशानं आणीबाणीत घेतला. १९७६-७७ या एका वर्षात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. हरियाणातल्या उटावर या मेव मुस्लिमांच्या गावाला पोलिसांनी वेढा घालून पुरुष उचलून नेले. महाराष्ट्र विधिमंडळानं तर सक्तीच्या नसबंदीचं विधेयकही मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्यानं ते बारगळलं. त्यानंतर पुरुषांना हात लावायची हिंमत कुणी केली नाही आणि सगळा भार बायकांवर आला. आज देशात स्त्री-नसबंदीचं प्रमाण ३७.९ टक्के आहे, पुरुषांचं ०.३ टक्के. २०१४ मध्ये छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळ एका शिबिरात काही तासांत ८३ स्त्रियांवर शस्त्रक्रिया झाल्या आणि त्यानंतर डझनाहून अधिक जणींचे जीव गेले. अशी शिबिरं तीन वर्षांत बंद करा, असं सर्वोच्च न्यायालयाला २०१६ मध्ये सांगावं लागलं.

दुसऱ्यांना त्यांच्याच परंपरेची आठवण करून द्यावी. गर्भधारणा टाळण्यासाठीच्या अज़्लची चर्चा हदीसमध्ये आहे आणि इमाम गज़ालींनी तो जायज मानला आहे. हनफी, मालिकी आणि हंबली परंपरेतल्या अनेक फकीहांनी तर अशी अट घातली की, पत्नीच्या परवानगीशिवाय नवऱ्यानं अज़्ल करू नये, कारण मूल हा तिचाही हक्क आहे. हनफी फिक़्हमध्ये बाळाच्या जन्माबाबत एकट्या दाईची साक्षही ग्राह्य धरली जाते. इब्न ख़ल्दूननं आपल्या मुक़द्दिम्यात दाईच्या कामावर स्वतंत्र प्रकरण लिहिलं. मी धर्मशास्त्राची अभ्यासक नाही आणि माझा युक्तिवाद घटनेवर उभा आहे. पण कित्येक शतकांपूर्वीचे फकीह बायकोची परवानगी मागायला सांगत असतील आणि आपण आज नवऱ्याची सही मागत असू, तर आधुनिक कोण आणि मागास कोण, याचा विचार करावा लागेल.

हे पश्चिमेकडचं खूळ आहे, असंही कुणी म्हणेल. त्यांच्यासाठी मराठी परंपरा हाताशी आहे. र. धों. कर्व्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केलं. त्यासाठी प्राध्यापकाची नोकरी गमावली आणि १९२७ पासून २६ वर्षं ‘समाजस्वास्थ्य’ चालवलं. त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा १९३४ मध्ये त्यांचं वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतलं. १९३८ मध्ये आंबेडकरांच्या पक्षानं मुंबई विधिमंडळात संततिनियमनाच्या प्रसाराचा ठराव आणला. तो फेटाळला गेला. हा लढा इथलाच आहे, आपल्या भाषेतला आहे.

आपण काय करायचं

कायदे बदलायला वेळ लागतो. काही गोष्टी मात्र पुढच्या बाळंतपणापासून करता येतील. नाव नोंदवतानाच दवाखान्याकडे संमतीपत्राची मराठी किंवा उर्दू प्रत मागा आणि घरी सावकाश वाचा. कळा सुरू झाल्यावर वाचायची ती गोष्ट नव्हे. बाळंतपणानंतर तांबी बसवायची का, हे तेव्हाच ठरवून लेखी सांगा. केंद्राच्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमानुसार सरकारी प्रसूती कक्षात सोबतीण ठेवता येते, ती मागा. लग्न झालेल्या भावांनो, फॉर्म तुमच्यापुढे आला तर एवढंच म्हणा, “तिला वाचून दाखवा, सही ती करेल.” त्यानं तुमचा मान कमी होणार नाही.

आपल्या अनेक मुली नर्सिंगला जातात. घरच्यांना ती सुरक्षित नोकरी वाटते. त्यांना मिडवाइफरीच्या विशेष प्रशिक्षणाची माहिती देणं आपल्या संघटनांना सहज जमेल. आपली भाषा, आपल्या चालीरीती, आपलं लाजणं समजणारी मिडवाइफ प्रसूती कक्षात असेल, तर ‘तुमच्यात असंच असतं’ हे वाक्य ऐकणाऱ्या बाईला पहिल्यांदा कुणीतरी आपलं भेटेल.

आणि चळवळ म्हणून आपल्या मागण्या ठरलेल्या हव्यात. सज्ञान स्त्रीच्या संमतीपत्रातून पती किंवा पालकाच्या सहीची सक्ती काढावी, तसं परिपत्रक राज्याच्या आरोग्य विभागानं काढावं. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात मिडवाइफनं चालवलेला कक्ष आणि त्यासाठी कायम पदं असावीत. मिडवाइफच्या अधिकारांना आणि संरक्षणाला नियमांत स्पष्ट जागा मिळावी. दोनपेक्षा जास्त मुलांवरून सरकारी नोकरी आणि पंचायतीची निवडणूक नाकारणारे राज्याचे नियम रद्द व्हावेत. कारण मुलं किती हे ठरवण्यात ज्या बाईचा शब्द चालत नाही, पंचायतीतलं पद तिचंच जातं.

पहिली मागणी सर्वांत सोपी आहे. तिला पैसा लागत नाही, संसदेत जावं लागत नाही. फॉर्ममधला एक रकाना बदलायचा आहे. आपल्या शहरातल्या दवाखान्यांत जाऊन त्यांची संमतीपत्रं मागून घेऊ या, वाचू या आणि ज्यांत तो रकाना सक्तीचा आहे त्यांना २००८ आणि २०२२ च्या निकालांच्या प्रती नेऊन देऊ या. सुरुवात या महिन्यातही करता येईल.